उघड्या गाडीची नवमी

गल्लीत परत सुंडलाचा वास सुटलाय. रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी हरभरे नाहीतर वाटाणे शिजतात, त्यावर मोहरी आणि ओल्या नारळाची फोडणी पडते, आणि तो वास न बोलावता माझ्या ओट्यावर येऊन बसतो. नवरात्र आलं. इकडच्या घरांतून पायऱ्या करून बाहुल्या मांडल्यात. कोलू म्हणतात त्याला. आमच्याकडे यंदा नाही. अंबू, माझी बायको, आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, गेली. वर्ष व्हायचंय. तोवर सण नाही, असा नेम. मुलगी पापनाशमहून फोनवर म्हणाली, "अप्पा, यंदा पूजा नाही हां. विसरूं नका." म्हटलं, विसरायला मी करत कुठं होतो? करणारी गेली.

तरी आज सकाळी मी गाडीची, म्हणजे मोटारसायकलची, कव्हरं उतरवली. नवमी आली की माझे हात आपोआप तिकडे जातात.

कव्हर उतरवायची एक रीत आहे. ओढायचं नाही. प्लास्टिकच्या त्या पत्र्याला आतून खुंट असतात, ते गाडीच्या अंगातल्या रबरी भोकांत रुतलेले. मागच्या कोपऱ्यात बोट घालायचं, तळहातानं कव्हर दाबून धरायचं आणि एकेक खुंट समजूत काढून सोडवायचा. घाई केली की खुंट मोडतो, मग ते कव्हर जन्मभर खडखडतं. बसवताना रबराला साबणाचं पाणी लावायचं. अंबू म्हणायची, "बांगड्या भरतात तसंच की." तिला या कामाची गंमत वाटायची. ओट्यावर बसून शेंगा सोलत बघायची आणि मला सांगायची, "हळू. तिला दुखतं."

कव्हरं काढली की गाडी म्हाताऱ्या बाप्यासारखी दिसते, शर्ट काढून दारात बसलेल्या. बरगड्या, शिरा, सगळं बाहेर. इथं वायर सुटलेली, तिथं गंज. बाहेरून चकचकीत म्हणून आपण फिरवत असतो, आत काय चाललंय ते वर्षातून एकदाच बघायचं. माणसाला असं उघडून बघता येत नाही. अंबूच्या आत काय चाललं होतं ते कळलं तेव्हा दोन्ही किडन्या बसल्या होत्या.

माझी शाळा पाचवीला संपली, तीही तमिळ. आम्ही तंजावूरचे मराठी, म्हणून ही अक्षरं वडिलांनी जवळ बसवून शिकवली. नंतर सगळं आयुष्य पाण्याच्या पंपावर काढलं. मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. मागच्या नवमीला काय झालं तेवढं सांगतो. नवरात्राचे हे दिवस आले की मला दुसरं काही दिसतच नाही.

तेव्हा आठवड्यातून तीनदा अंबूला डायलिसिसला न्यायचं. रक्त काढून, मशीनमध्ये धुऊन, परत अंगात घालतात. नेणारा मी आणि माझी ही गाडी. ऑटोत तिला धुरानं मळमळायचं. गाडीवर वारा लागतो, म्हणायची. मागे बसून दोन्ही हात माझ्या पोटाशी बांधायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं धरून ती कधी बसली नव्हती. लाजायची. आजारानं लाज नेली.

त्या आठवड्यात तिला मशीनवर असताना हुडहुडी भरली, म्हणून काम अर्धवट टाकून घरी पाठवलं होतं. पाणी अंगातच राहिलं. पाय सुजले. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायची. श्वास घेताना बारीक आवाज येत होता, भातावरचं झाकण थरथरतं तसा. मी घरात कुठंही असलो तरी कान तिकडेच. पुढची पाळी दसऱ्याला होती. तोवर निभवायचं, बस्स.

अष्टमीच्या दिवशी मी गाडी धुवायला काढली. दोन्ही बाजूंची कव्हरं उतरवली, मागची शेपटी काढली, सीट काढली. सीटचे बोल्ट कव्हरांच्या आड असतात, त्यामुळे एक काढलं की सगळंच निघतं. धुऊन, पुसून सगळं ओट्यावर वाळत ठेवलं. संध्याकाळी बसवणार होतो, पण तिचा श्वास चढला आणि मी पाठ चोळत बसलो. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी अंघोळ करून येतो तर ओटा रिकामा.

आमच्याकडे नवमीला आयुधपूजा. ज्याची भाकरी ज्या हत्यारावर, ते हत्यार देवापुढे. शिंप्याची कात्री, मुलांची पुस्तकं, ड्रायव्हरची गाडी. अंबूनं स्टुलावर बसून, थांबत थांबत, सगळं देवापुढे नेलं होतं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. बोल्ट आणि स्क्रू पितळेच्या वाटीत. दोन कव्हरं देवाच्या दोन बाजूंना उभी, द्वारपालासारखी. सीट मागे तक्क्यासारखी. प्रत्येकावर चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू. दमून घामाघूम झाली होती, पण तोंडावर समाधान होतं.

"अगं, ही सीटसुद्धा?"

"तिच्यावर बसूनच जाते ना मी? मग तिची नको पूजा?"

पूजा झाली. मुरमुरे, डाळं, गूळ वाटलं. या पूजेचा नियम कडक. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत पूजा करायची, मग उचलायचं. मी मनात हिशेब केला: दसऱ्याला सकाळी उचलतो, गाडी जोडतो, दुपारी हिला नेतो. वेळ भरपूर.

आरतीचा कापूर अजून विझला नव्हता, तोच फोन वाजला. डायलिसिसची नर्स. मला ताता म्हणते, आजोबा.

"ताता, उद्या इथं पाण्याचं यंत्र दुरुस्तीला काढतायत. अम्मांना आजच आणा. दुपारची एक जागा आहे. ती गेली तर मग परवानंतरच."

"तोवर थांबेल का ती?"

"मागच्या वेळी अर्धवट झालंय ना? थांबूं नका, ताता."

मी फोन खाली ठेवला. गाडी ओट्याखाली हाडं उघडी टाकून उभी. सीट देवाकडे. अंबू भिंतीला टेकलेली, झाकण थरथरतंय.

समोर मुरुगेसनचा ऑटो. दोन बाजूंना केळीची रोपं बांधलेली, काचेवर चंदन फासलेलं, माळा घालून नवरदेवच केलेला. मी पळत गेलो.

"मुरुगेसा, अम्मांना दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

त्यानं कपाळाला हात लावला. "राव अय्या, पूजा व्हायचीय हो. देवळातले गुरुक्कळ पूजेला यायचेत. पूजेआधी चाक फिरलं तर मालक मला आजच खाली उतरवेल. झाली की लगेच येतो, नक्की."

"मग एक पाना तरी दे. सीट बसवतो."

"पानेही आतच आहेत, अय्या. चंदन लावून." आणि त्यातही हसला तो. "आज सगळ्या तंजावुरात पाने फक्त देवाकडे आहेत."

कोपऱ्यावरच्या बशीरभाईंच्या गॅरेजला कुलूप. सगळ्यांनाच सुट्टी, म्हणून तेही बहिणीकडे गेलेले. एकशे आठला फोन लावला. बाई म्हणाली, गाडी बाळंतपणाची केस घेऊन ओरत्तनाडूच्या बाजूला गेलीय, परत आली की पाठवते. म्हटलं, कधी? म्हणाली, परत आली की. टाऊन बसचा विचारही केला. पण ती थांब्यापर्यंत चालणार कशी, आणि ती उंच पायरी चढणार कशी?

घरी आलो. देवघरासमोर उभा राहिलो. बारा नंबरचा पाना समोर, हातभर अंतरावर. त्यावर कुंकवाचा ठिपका.

"अहो." मागून अंबूचा आवाज. "हात लावूं नका."

"आज जायचंय आपल्याला. फोन आला होता."

"ऐकिलं मी. दुसरं कांहीं बघा."

"दुसरं काही नाही. गल्ली पालथी घातली."

"मग उद्या."

"उद्या नाही. परवासुद्धा नाही."

मी परसातून काथ्याची दोरी आणली. सीट उचलू द्यायला ती तयार झाली, म्हणाली, ते आसन आहे, हत्यार नव्हे, एवढं चालेल. मी सीट गाडीवर ठेवून दोरीनं आवळली. हलवून बघितली. डावीकडे लोटली की डावीकडे जाते, उजवीकडे लोटली की उजवीकडे. ती उंबऱ्याला धरून बघत होती.

"ह्या दोरीवर मी बसायची नाहीं. मराठी माणसाची बायको भोसल्यांच्या गावांत रस्त्यावर पडून मेली, असं व्हायला पाहिजे कां?"

"मग पान्याला हात लावू दे!"

"नाहीं म्हटलं ना."

माझं डोकं फिरलं. ओरडलो. "देव घालणार आहे का तुझ्या छातीत हवा? तो पाना घालणार आहे! त्या पान्यानं बोल्ट आवळला, की गाडी चालते, गाडी चालली की मशीन, मशीन चाललं की तू!"

"देवापुढे ओरडूं नका." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. ओठांच्या कडा जांभळट दिसायला लागल्या होत्या.

मी आत गेलो. हात पुढे केला. खरं सांगतो, पान्यापर्यंत गेलाच नाही. मधेच थांबला. देवाला मी फार मानणारा नव्हे, पण तिनं बसल्या जागेवरून, ओढत ओढत, एकेक करून मांडलेलं होतं ते. ते मोडून तिला वाचवायचं, तर वाचवायचं कुणाला? आणि न मोडावं, तर उरणार काय? असा मी हात हवेत धरून उभा. मागे झाकण थरथरतंय. पाना हातभर अंतरावर, पण कशापासूनही इतका लांब मी कधी उभा राहिलो नसेन.

"सरका," ती म्हणाली.

भिंत धरत धरत आली. स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "तुमच्या आई गणपती कधी हलवायच्या?"

मला कळेना हिला आत्ता गणपती कुठं आठवला. म्हटलं, "दुसऱ्या दिवशी. दुपारी."

"अक्षता घालून, जागेवरून जरा हलवायच्या ना? उत्तरपूजा. मग देव मोकळा."

"हो."

"दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाहीं, हें इकडच्या बायकांचं. मी त्यांच्याकडून घेतलं. चांगलं आहे, म्हणून घेतलं. पण उत्तरपूजा आपली आहे. देव मोकळा होतो, तर पाना कां नाहीं?" ती थांबली. श्वास गोळा केला. "पण सगळं नाहीं हां. एक पाना आणि सीटचे बोल्ट. बाकी उद्याच."

तिनं त्या पान्यावर आणि त्या बोल्टांवर अक्षता टाकल्या. बोटानं पाना उत्तरेकडे जरा सरकवला, बोल्टही सरकवले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग म्हणाली, "दही आणा."

"दही कशाला?"

"जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात. परत यायला. आणा."

मी आणलं. तिनं पान्याच्या तोंडावर दह्याचा ठिपका ठेवला, आणि पाना माझ्या हातात दिला. "घ्या. हा सुटला."

दह्यानं पाना बुळबुळीत झालेला. मी नेसत्या वेष्टीला पुसला, दोरी सोडली, आणि बसलो बोल्ट आवळायला. कव्हरं देवाकडेच राहिली, शेपटी तिथंच. गाडी उघडीच. बॅटरी, वायरी, सगळं गावाला दिसतंय. घाईत बोल्ट आट्यांवर नीट बसेना. ती मागून म्हणाली, "हळू. तिला दुखतं." त्या हालतीत मला हसू आलं, आणि बोल्ट बसला.

हे लिहिताना आत्ता माझी कव्हरं ओट्यावर पडलीत. पाने समोर, चटईवर. चंदन नाही, कुंकू नाही, हात लावू नका म्हणणारं कुणी नाही. सकाळपासून मोकळे आहेत ते. दिवसभरात कितीदा तरी बसवून झालं असतं. पण मोकळा पाना उचलायला मला बळ येत नाही. मनाई होती तेव्हा तिनं हातात दिला, आणि मी लगेच आवळायला बसलो!

त्या दुपारी आम्ही निघालो. आयुधपूजेच्या दिवशी तंजावूरचा रस्ता बघावा. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक वर्कशॉपपुढे कोहळा फोडतात. आत कुंकू भरलेलं, त्यामुळे रस्ताभर लाल लाल गर, बिया, पाणी. दृष्ट उतरते म्हणे. दुचाकीवाल्याची हाडं उतरतात, ते कुणी सांगत नाही. वर्षभरात गाड्या घसरत नाहीत एवढ्या त्या एका दिवशी घसरतात. मी पाय खाली सोडून, पहिल्या गिअरवर, गराच्या मधून वाट काढत होतो. तिची हनुवटी माझ्या पाठीला लागलेली. पोटावरचे हात सैल पडायला लागले.

"अंबू."

मी मान अर्धी वळवली.

"अंबू!"

एक बोट माझ्या पोटात रुतलं. आहे, असं. मग थोड्या थोड्या वेळानं मी नाव घ्यायचो आणि बोट रुतायचं.

चौकात एक लॉरी आडवी. पुढे दहा माणसं. एकानं कोहळा डोक्यावर उचललेला, फिरवतोय. मी हॉर्न धरला तो सोडलाच नाही.

"अय्या, थांबा हो, फोडतोय ना! एक मिनिट!"

"मिनिट नाही! माणूस आहे मागे!"

"दृष्ट काढतोय, मध्ये येऊं नका, अपशकुन होईल!"

"माझा होऊ दे!" मी त्याच्या पायाशी गाडी घातली. तो कोहळा वर धरून तसाच उभा राहिला, तोंड उघडं. लॉरी आणि त्या माणसाच्या मधून निघालो. मागे शिव्या ऐकू आल्या, मग धप्प आवाज. पोटात बोट रुतलं, मी नाव न घेता. जोरात. नंतर कळलं, ती हसत होती.

सेंटरच्या दारात मी गाडी स्टँडवर लावायलाही थांबलो नाही. वॉर्डबॉयनं तिला चाकाच्या खुर्चीत घेतलं, तेवढ्यात गाडी माझ्या हातातून भिंतीला टेकली. नर्सनं माझ्याकडे आणि गाडीकडे बघितलं. "काय ताता, गाडी अर्धी विकून आलात कां?" मग अंबूचे ओठ बघितले आणि तिची चेष्टा संपली. आत पळाली.

मला बाहेर बसवलं. दार बंद. त्या दाराला गोल काच होती, पण धुकट. आत कोण काय करतंय ते दिसत नव्हतं, नुसती पांढरी माणसं हलताना दिसत होती. मी तिथल्या खुर्चीवर बसलो नाही. बसलो तर काही तरी ऐकायला लागेल असं वाटलं. भिंतीला हात लावून उभा राहिलो. एक बाई आली, म्हणाली, "तुमच्या शर्टाला कुंकू लागलंय." तो कोहळ्याचा गर होता. मी पुसला नाही.

मग दार उघडलं. नर्सच. ती काही बोलायच्या आत मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "लावलंय मशीनला," ती म्हणाली. "उशीर झाला असता आणखी, तर..." तिनं दार उघडं धरलं. "या, बघून जा. बोलायला लावूं नका त्यांना."

आत गेलो. अंबू अर्धी बसलेली, डोळे मिटलेले. नळीतून रक्त चाललेलं, लाल, गरम, तिचं. मी झाकणाचा आवाज शोधत राहिलो. आधी होता. बराच वेळ होता. मग कधी तरी मी ऐकतोय ऐकतोय, आणि तो नाहीच. घाबरून वाकलो. छाती खालीवर होत होती. आवाजाशिवाय.

तिनं डोळे उघडले. "सीट हलत नव्हती," म्हणाली. तेवढंच. परत मिटले.

संध्याकाळी सोडलं. बाहेर दिवे लागलेले, रस्त्यावरचा गर चाकांखाली वाळून काळा पडलेला. ऑटोच्या रांगा माळा हलवत फिरायला लागल्या होत्या. मुरुगेसन समोरून आला, हॉर्न वाजवून ओरडला, "राव अय्या, आत्ता येतच होतो!" अंबूनं मागून त्याला हात केला. त्या हाताला जोर होता.

लोक आमच्याकडे बघत होते. म्हातारा, म्हातारी, आणि हाडं दिसणारी गाडी. बघू देत. ती माझ्या पाठीला टेकून बसली होती, आणि तिचा श्वास माझ्या शर्टातून अंगाला लागत होता. लांब, एकसारखा. एक संपला की दुसरा येत होता.

आमची गल्ली आली. मी वळलो नाही.

तिनं खांद्यावर थाप मारली. "अहो, गल्ली गेली."

म्हटलं, "जाऊं दे."